मोडून बघितलेली भेंडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरणीने वही लिहायला सांगितली आहे. यांच्या पोटात दिवसभरात काय काय गेलं ते रोज लिहायचं आणि तीन महिन्यांनी वही घेऊन तिच्यापुढे हजर व्हायचं. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. यांनी ते तिला कंपनीत शिकलेल्या इंग्रजीत सांगितलं, तर म्हणाली, चौथीवालीला भाजीचं नाव लिहिता येतं ना, मग पुरे. बाई हुशार आहे.

तर वहीच्या पुढच्या पानापासून यांचं पोट लिहीन आणि मागच्या पानापासून माझं डोकं. पुढची बाजू हे तिला वाचून दाखवणार. मागची बाजू कोणी वाचायची नाही. ज्याने वाचली त्याने त्या दिवशी आपल्या हाताने स्वयंपाक करायचा, आणि मलाही वाढायचा.

हकिकत अशी. आमच्याकडची कागदाची गिरणी बंद पडली आणि हे दीड वर्ष घरी बसले. पंपफिटर माणूस. घरातला एकही नळ असा ठेवला नाही की जो उघडून परत बसवला नाही. मग शेजाऱ्यांचे नळ झाले. तेही संपले तेव्हा खुर्ची खिडकीशी ओढून बसायला लागले आणि दाढी करायची सोडली. मी बोलले, ओरडले, चेष्टा केली. भिंतीशी बोलल्यासारखं.

मग ही परदेशातली नोकरी आली. इथे आठ महिने एकटे राहिले, डब्यातलं बंद अन्न खाल्लं, पांढरा पाव खाल्ला, बाटलीतलं गोड पाणी प्यायले आणि साखर चढली अडीचशेवर. साखरेचं खाणाऱ्याला देव देतो म्हणतात. यांना रक्तातच दिली.

आता कंपनीचा नियम असा की २८ एप्रिलला पुन्हा रक्त तपासणार. दीडशेच्या खाली आली तर नोकरी, नाही तर विमान, आणि विमानातून उतरलं की ती खिडकीजवळची खुर्ची. डॉक्टरणीने गोळ्या दिल्या, संध्याकाळी पाऊण तास चालायला सांगितलं आणि अर्धं ताट भाजीचं हवं म्हणाली. कंपनीने बायकोला आणायची परवानगी दिली ती एवढ्यासाठीच. म्हणजे मी समुद्र ओलांडून भाजी करायला आले आहे. आणि दहा दिवस झाले, मला धड भाजी मिळालेली नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मोठ्या दुकानात गेले. आत इतकं गार की दात वाजायला लागले. भाज्या प्लास्टिकात गुंडाळून, ओळीने निजवलेल्या. वांगी बाहेरून तुकतुकीत, चिरली तर आत काळी. फरसबीला चव नव्हती, धागा मात्र असा की गोधडी शिवून झाली असती. दाबून बघावं म्हटलं तर एक पोरगी धावत आली आणि मला बोटाने नाही नाही करायला लागली.

नुसती काठी रोवली तर पालवी फुटेल असा हा देश. आज ऊन, उद्या पाऊस, परवा दोन्ही एकदम. आणि भाजी येते विमानाने.

हे जेवताना म्हणाले, "चांगली झाली आहे." हे खोटं कधी बोलत नाहीत, फक्त जेवताना बोलतात.

चालायला जा म्हटलं, तर आज पाय दुखतात. काल पाऊस होता. परवा बूट ओले होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

सापडली.

रोज सकाळी सहाला खिडकीखालून कुईकुई करत काहीतरी जातं. मला वाटायचं कुत्र्याचं पिल्लू आहे. आज वाकून बघितलं तर हातगाडी, आणि गाडीत हिरवंगार. तशीच चपला घालून जिना उतरले, तिसऱ्या मजल्यावरून, केस न विंचरता. कुईकुईच्या मागे मागे गेले तर बस स्टँडच्या पाठीमागे पत्र्याची शेड आणि तिच्याखाली पाच बायका भाजी मांडून बसलेल्या. हातगाडीवाली त्यांच्यातली म्होरकी. माझ्याएवढीच असेल, अंगाने आडवी, डोक्यावर प्लास्टिकची मोठी टोपी. मी तिचं नाव टोपीवाली ठेवलं.

लाल माठ, मुळाला माती ओली. हाताएवढं पडवळ. दुधी असा की आंघोळ घातलेलं बाळ. भेंडी बोटभर. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. पैसे नव्हते आणले, नुसतं बघून आले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भांडण झालं. मी केलं नाही, तिने केलं.

भेंडी घ्यायची म्हणजे शेंडा मोडून बघायचा. कट्‌ करून तुटला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. हे मला आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. न मोडता भेंडी घेणारीला आमच्याकडे संसार कळत नाही म्हणतात. मी बसले मोडत. मोडलेली पिशवीत, वाकलेली तिच्या ढिगात परत. टोपीवाली आधी नुसती बघत होती. मग उभी राहिली. मी म्हटलं, थांब बाई, होतंच आलं. मग दुधी उचलला आणि देठाशी नख लावून बघितलं, तेव्हा ती काहीतरी बोलली. तो दुधी जरा टणक होता म्हणून ठेवला आणि दुसऱ्याला नख लावलं. भाजी घेतल्यावर चार काड्या कोथिंबीर वर मिळतेच, ती मी माझ्या हाताने उचलली. झालं.

ती तिच्या भाषेत, मी माझ्या. कोणालाही काही कळायचं राहिलं नाही. शेवटी तिने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, परत पाटीत उलटी केली आणि सगळ्या भाजीवर गोणपाट ओढलं. बाकीच्या चौघींनीही आपापल्या भाजीवर गोणपाट ओढलं. एकही भाजी न घेता घरी आले.

वहीच्या पुढच्या बाजूला आज लिहिलं: उकडलेला बटाटा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पुन्हा गेले. मी कोपऱ्यावर दिसताच पाचही गोणपाटं पडली. रेल्वेच्या फाटकासारखी.

समोरच्या घरात आपल्याकडचीच एक मुलगी राहते. नवरा यांच्याच कंपनीत क्रेन चालवतो. सहा वर्षं इथे आहे, इथली भाषा घडाघडा बोलते. तिला म्हटलं, तू जाऊन मिटव. गेली, आली, दारात उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, "काकू, ती म्हणते तुम्ही तिची भाजी जखमी केलीत."

"जखमी? भाजी आहे का जावई?"

"माफी मागा म्हणते, मग देते."

मी माफी मागायची, आणि ती कशाबद्दल, तर कोवळी भेंडी निवडल्याबद्दल. मी सांगितलं, तिला म्हणावं भिजत ठेव तुझी भेंडी. हे पाव खात ऐकत होते. यांना म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. तर उठले, बूट घातले आणि म्हणाले, जरा चालून येतो.

दहा वेळा ओरडले तेव्हा आज हलले. चला, भांडणाचा तेवढा तरी उपयोग.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

देवाला डोळे आहेत. क्रेनवाली दुपारी पिशवी घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा एक मळेवाला आहे म्हणे, नदीपलीकडे. दर दोन-तीन दिवसांनी भाजी पाठवेल. आत भेंडी होती. जरा मऊ पडलेली, दोन दिवसांची असावी, शेंड्यांकडून काळी. पण एकूण एक कोवळी. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचे शेंडे आधीच मोडलेले.

मी क्रेनवालीला म्हटलं, हा मळेवाला जाणता दिसतो. ती म्हणाली, हो काकू, आणि घाईघाईने गेली. तिला नेहमी घाई असते.

यांनी तीन वेळा भाजी घेतली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजची भेंडी ताजी, लव अजून बोटाला टोचत होती. शेंडे मोडलेले, पण आत्ता मोडल्यासारखे पांढरे. दुधी आला, त्याला देठाशी नखाची एकच खूण. वर कोथिंबीर, चार काड्या, मोजून.

माझी खात्री झाली आहे, हा मळेवाला आपल्याकडचाच. दुसऱ्या कोणाला हे शास्त्र माहीत असायचं कारण नाही. क्रेनवालीला म्हटलं, त्याला एकदा जेवायला बोलाव. ती म्हणाली, तो फार लांब राहतो, डोंगराकडे. मागच्या वेळी नदीपलीकडे म्हणाली होती. तिला दिशा कळत नाहीत. नवरा दिवसभर क्रेनवर बसून वरून बघतो, हिने कशाला शिकायच्या.

त्या टोपीवालीला हे सगळं दाखवायला हवं. बघ म्हणावं, तुझ्यावाचून आमचं अडत नाही.

हे रोज चालायला जातात. न सांगता.

मंगळवार, ४ मार्च

चार दिवस झाले, सकाळी सहाला कुईकुई ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आपोआप सहाला जाग आली आणि खिडकीशी जाऊन बसले. काल वाटलं, आजारी पडली की काय. पायबिय मोडला असेल. मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं. थोडंसं चिंतलं होतं, पण पाय मोडण्याएवढं नाही.

यांना विचारलं, ती गाडीवाली आजकाल जात नाही वाटतं. हे म्हणाले, "जात असेल. चाकाला कोणी ग्रीस लावलं असेल."

म्हटलं, तिला कोण लावतंय ग्रीस. त्या जिभेपुढे चाकाची काय कथा.

हे ताटात बघून खोकले. ग्रीसवरून आठवलं, यांच्या हत्यारांच्या पिशवीतला ग्रीसचा डबा रिकामा झाला आहे आणि मोठा पाना दिसत नाही. कंपनीत राहिला म्हणाले. वस्तू सांभाळायची अक्कल नाही.

शनिवार, १५ मार्च

गॅलरीत टबात मेथी पेरली होती, म्हटलं मळेवाल्यावर तरी किती भार टाकायचा. तिसऱ्या दिवशी बोटभर आली, पाचव्या दिवशी सगळी मान टाकून झोपली. इथे ऊन वरून भाजतं आणि पाऊस खालून शिजवतो. मेथीची भाजी टबातच झाली, फोडणी तेवढी राहिली.

लेकीचा फोन आला. तिला सगळं आधीच माहीत. म्हणाली, "आई, तू तिकडे जाऊनही भांडलीस?" मी म्हटलं, मी भांडले नाही, भेंडी घेत होते. ती म्हणाली, तुझं ते एकच असतं. मग फोन यांच्याकडे गेला. दोघं अर्धा तास कसल्यातरी फवाऱ्याबद्दल, किती इंची पाइप, भोकं किती बारीक, असं बोलत होते. तिचं ते कॉलेज पाण्याच्या कामाचंच आहे. मी भांडी घासून येईपर्यंत चाललं होतं.

यांचा पट्टा एक भोक आत गेला आहे. आणि हे रोज दाढी करतात. मला आज एकदम लक्षात आलं, लेकीने बाबा दाढी करतात का विचारलं तेव्हा. कधीपासून करतात ते आठवेना.

बुधवार, २ एप्रिल

काहीतरी भानगड आहे.

पाऊण तासाचं चालणं आता पावणेदोन तासांचं झालं आहे. परत येतात ते शीळ घालत. सदरा पुढून ओला, गुडघ्यांना चिखल. म्हटलं पडलात का, तर नाही. म्हटलं पाऊस नव्हता मग ओले कसे, तर घाम. घाम काय फक्त पोटाला येतो? आणि जेवताना एक पोळी कमी.

पोट आधीच भरलेलं असलं की पोळी कमी जाते. बस स्टँडला लागून एक बेकरी आहे. काचेच्या कपाटात साखरेत लोळवलेलं काय काय ठेवलेलं असतं. मी जाता येता बघितलं आहे, मलाच मोह होतो, हे तर जन्माचे गोडघाशे.

क्रेनवालीला विचारलं, हे संध्याकाळी कुठे दिसतात का गं. तिने मान खाली घातली आणि कुकर लावलाय म्हणत पळाली. तिच्या घरातून शिट्टी काही ऐकू आली नाही.

सव्वीस दिवस राहिले. मी इथे दुधीच्या सालीचीसुद्धा चटणी करते आणि हे तिकडे साखर खातात. रंगेहाथ पकडणार आहे.

बुधवार, ९ एप्रिल

क्रेनवालीकडे जाते सांगून यांच्या मागे गेले. वीस पावलं मागे. डोक्यावरून ओढणी घेतली होती.

बेकरी आली. यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच वर आला, कारण हे वळले शेडकडे.

मी बेकरीच्या फळीआड उभी राहिले. शेडमधली गर्दी ओसरली होती. टोपीवालीच्या जागेवर एक निळं पिंप, त्याला हातपंप, आणि पंपाला जोडून भाजीच्या वरून नेलेली भोकाभोकांची नळी. हे गुडघ्यांवर बसून हरवलेल्या पान्याने काहीतरी आवळत होते. दांडा दाबला की सगळ्या भाजीवर धुक्यासारखं पाणी उडतं आणि थोडं यांच्या पोटावर. बाकीच्या चौघींची भाजी माना टाकून बसलेली, हिची सकाळसारखी ताठ. खोक्यावर आमची क्रेनवाली बसलेली, इकडचं तिकडे सांगत. आज तिला घाई नव्हती.

आणि टोपीवाली भेंडीचे शेंडे मोडत होती. एकेक घ्यायची, कट्‌ करायची, पिशवीत टाकायची. आमची पिशवी. निळ्या बंदांची.

मध्येच ती उठली. पोट पुढे काढलं, एक हात कमरेवर ठेवला, भेंडी डोळ्यांपाशी धरली, नाक मुरडलं, कट्‌. दुसरी घेतली, कट्‌. मग दुधीला नख लावलं आणि असा चेहरा केला की दुधीने तिचं जन्माचं वाटोळं केलं आहे. अगदी मी. चालसुद्धा माझी.

हे इतके हसले की पाना खाली ठेवावा लागला. डोळे पुसत होते.

दीड वर्ष खुर्चीत बसले होते तेव्हा यांना हसवायला मी काय काय केलं नाही. एकदा तर यांचाच सदरा-पँट घालून नळ दुरुस्त करायचं सोंग केलं होतं. नुसतं बघितलं आणि परत खिडकीकडे तोंड.

मी घरी आले. कारल्याची भाजी केली. मीठ लावून पिळलं नाही, चिंचसुद्धा घातली नाही. यांनी सगळी खाल्ली. म्हणाले, "चांगली झाली आहे."

गुरुवार, १० एप्रिल

रात्रभर धरून ठेवलं, सकाळी चहाबरोबर सोडलं.

"पाना कंपनीत राहिला म्हणालात."

"हो."

"कंपनी बस स्टँडमागे हलवली का?"

यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं, सावकाश, एखादं मशीन उलगडून दाखवावं तसं. मी त्या दिवशी तिच्या पस्तीस भेंड्या मोडल्या. मोडलेली भेंडी काळी पडते, मग तिला दुसरं कोणी हात लावत नाही. जून म्हणून मी परत टाकल्या त्या कोणी न बघता घेऊन गेलं असतं, पण कोवळ्या तेवढ्या सगळ्या मी मारून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हे क्रेनवालीला घेऊन गेले तेव्हा टोपीवालीने त्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. यांनी सगळ्या विकत घेतल्या. पहिल्या पिशवीत आल्या त्या त्याच. मीच मोडलेल्या.

"आणि नंतरच्या?"

"नंतर तिनेच सुरू केलं. म्हणाली, तुमच्या घरी मोडल्याशिवाय खातच नसतील तर मी मोडून देते. गाडी फार ओरडत होती, म्हणून मी चाक बघितलं. मग पंपाचं निघालं."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ती भाजी घरात घेतली असतीस?"

माझी नक्कल रोज करते का, एवढं विचारलं. रोज करते म्हणाले, रोज काहीतरी नवीन असतं. आणि बूट घालताना पाठमोरे म्हणाले, "विचारत असते, ती येत का नाही."

ते गेल्यावर मी क्रेनवालीच्या दारावर थाप मारली. ती दार उघडून आधीच रडायच्या बेतात. म्हटलं, मळेवाल्याला नमस्कार सांग. नदीपलीकडच्या पण आणि डोंगराकडच्या पण.

शनिवार, १२ एप्रिल

गेले. पिशवी नेली नाही, म्हणजे भाजी घ्यायला आले असं कोणाला वाटायला नको.

मला बघून चार गोणपाटं पडली. पाचवं पडलं नाही. टोपीवाली हातपंप मारत होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि मारत राहिली. मी उभी. ती तिच्या कामात. माफीचा शब्द मला तिच्या भाषेत येत नाही, आणि माझ्या भाषेत मी तो फारसा वापरलेला नाही.

तिच्याशेजारी माठाच्या जुड्यांचा ढीग होता. पिवळी पानं, मधूनच गवत, एका जुडीत गोगलगाय. हे मला बघवत नाही. खोकं ओढलं आणि बसले निवडायला. पिवळं पान खाली, गवत खाली, जुडी झटकायची, बांधायची, ठेवायची. तिने एकदा काहीतरी म्हटलं, मी म्हटलं, गप्प बस, हात चालू दे. ती गप्प बसली. पस्तीस जुड्या निवडल्या. मोजून पस्तीस, नंतर अजून होत्या तरी उठले नाही, त्याही केल्या.

ऊन माझ्या बाजूला सरकलं तेव्हा तिने मागे हात घालून दुसरी प्लास्टिकची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. न विचारता, पोराला घालतात तशी. बाकीच्या चौघी इतक्या हसल्या की गोणपाटं कधी निघाली ते कळलं नाही.

टोपी परत द्यायची राहिली. घरी घालूनच आले.

सोमवार, २८ एप्रिल

एकशे बत्तीस.

रक्त देऊन बसलो होतो तेव्हा हे बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते. मीही मनात एकाही देवाला सोडलं नाही. मग डॉक्टरणीने आकडा सांगितला आणि यांनी तो मला सांगितला, दोनदा. नोकरी राहिली.

यांनी वहीची पुढची बाजू वाचून दाखवली, भाज्यांची नावं ऐकून डॉक्टरीण मान हलवत होती. शेवटी म्हणाली, भाजी चांगली, पण मुख्य गुण चालण्याचा आणि अंगमेहनतीचा. मला राग आला. यांना म्हटलं, तिला सांगा, भाजी काय हवेत चालून शिजते का. यांनी तिला सांगितलं. बरंच लांब सांगितलं, मी बोलले त्याच्या चौपट. काय सांगितलं कोण जाणे, ती बाई खुर्चीवरून उठली आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन हलवायला लागली. तिचे डोळे पाणावले होते. एवढ्याशा भाजीवरून रडण्यासारखं काय होतं?

निघताना तिने वही उलटी केली आणि मागची बाजू उघडली. मी हिसकावून घेतली. तिला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, पण हे शेजारीच उभे होते.

बुधवार, ३० एप्रिल

आज पिशवी घेऊन गेले. माझी टोपी घालून.

टोपीवालीने भेंडीची पाटी माझ्यापुढे सरकवली. एक भेंडी उचलून माझ्या हातात दिली आणि दोन बोटांनी दाखवलं, मोड. बाकीच्या चौघी गिऱ्हाइकं सोडून बघायला लागल्या. हात शिवशिवत होते. मी ती भेंडी न मोडता पिशवीत टाकली. मग अर्धा किलो घेतली, न बघता, पसाभर पसाभर करून, आंधळ्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदा. आई बघत असती तर तिने मला दारात उभं केलं नसतं. टोपीवालीने वर कोथिंबीर टाकली, चार नाही, मूठभर.

घरी आले तर हे लवकर आलेले. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, आज स्वयंपाक मी करतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, यांनी चहाशिवाय काही केलेलं नाही. म्हटलं, बरं वाटतं ना? ताप बघू का? काही सांगेनात, नुसते हसतात. एकशे बत्तीस डोक्यात गेलेलं दिसतं.

मी बसून बघत होते. भेंडी चिरली, ती पंपाचे वायसर कापावेत तशी, सगळे एका मापाचे. मीठ जास्त झालं. मलाही वाढलं. मी म्हटलं, चांगली झाली आहे.

आत्ता वही उघडली तर मागच्या पहिल्या पानावर ग्रीसचा अंगठा उमटलेला. यांचे हात कधी स्वच्छ असायचे नाहीत. वही उंच ठेवायला हवी.

भेंडीतल्या दोन जून निघाल्या. यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या आणि असू दे म्हणाले. असू दे काय. उद्या सकाळी दोन्ही घेऊन जाते तिच्याकडे.